‘सध्या एमपीएससी करतोय’: मुलाच्या मानसिक आजाराची लाज आई-वडिलांना का वाटते?

‘तुमचा मोठा हल्ली दिसत नाही?’ या प्रश्नाची उत्तरं काही घरांत आधीच ठरवून ठेवलेली असतात. एमपीएससीचा अभ्यास करतोय. वर्क फ्रॉम होम आहे, रात्रपाळी असते. सध्या मावशीकडे आहे पुण्याला. प्रत्यक्षात तो आतल्या खोलीत पडून असतो. शेजारचे आपल्यावर पाळत ठेवून आहेत याची त्याला पक्की खात्री असते. अंघोळीचं नाव काढलं की चिडतो. बाहेर पाहुण्यांना चहा देताना आईचा अर्धा जीव आतल्या दाराकडे लागलेला असतो. पाहुणे असेपर्यंत तो बाहेर येऊ नये, एवढंच तिचं मागणं.

स्किझोफ्रेनिया (भास, संशय, वास्तवाशी सुटलेला धागा), बायपोलर (मनाचे उन्माद आणि नैराश्य असे टोकाचे हेलकावे) यांसारख्या गंभीर मानसिक आजारांबद्दल आता मराठीत बरंच लिहिलं-बोललं जातं. त्यात रुग्णाला समाज कसा वागवतो हेही येतं. त्याच घरातल्या आई-वडिलांच्या वाट्याला येणाऱ्या लाजेबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. आजार त्यांना नसतो, गोळ्या ते घेत नाहीत, तरी समारंभाला जाणं आधी त्यांचं बंद होतं.

अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली या गोष्टीची नीट मांडणी केली. एखाद्या माणसावर समाज शिक्का मारतो तेव्हा त्याची शाई जवळच्यांच्या अंगालाही लागते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. तुरुंगात गेलेल्याची बायको, व्यसनी माणसाचा मुलगा, मनोरुग्णाची आई. यांचं स्वतःचं काही चुकलेलं नसतं, नातं एवढाच यांचा दोष. पुढच्या अभ्यासकांनी यात एक भर घातली. लोक काय म्हणतात हा एक भाग झाला. लोकांचं म्हणणं खरं मानून माणूस स्वतःच स्वतःला कमी लेखू लागतो, हा दुसरा. हा दुसरा भाग बाहेरून दिसत नाही, म्हणून तो जास्त टिकतो.

यावर आपल्या भागात झालेलं एक काम सांगण्यासारखं आहे. सातारा, गोवा आणि तामिळनाडू इथे स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी घरपोच मदतीचा एक मोठा प्रयोग झाला होता. त्याच्या निमित्ताने रुग्णांना सांभाळणाऱ्या २८२ नातेवाइकांशी संशोधक बोलले. या आजारामुळे आपल्यालाही बराच कलंक सोसावा लागतो असं सांगणारे निघाले सुमारे २१ टक्के. पण घरातल्या माणसाचा आजार दुसऱ्यांना सांगायला अवघड वाटतं असं म्हणणारे होते ४५ टक्के. ज्यांच्या घरचा रुग्ण वयाने लहान होता किंवा ज्याची लक्षणं ठळक होती, त्यांना हा त्रास अधिक होता.

या दोन आकड्यांमधलं अंतर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. भोगलेल्यांपेक्षा धास्तावलेल्यांची संख्या दुपटीहून जास्त आहे. टोमणा अजून कुणी मारलेला नसतो, पण तो येणार म्हणून घर आधीच दारं लावून बसतं. ही धास्ती खोटी आहे असं मात्र कुणी समजू नये. ‘याला येरवड्याला पाठवा’, ‘ठाण्याला भरती करा’ हे विनोद आपण सगळ्यांनी ऐकलेत, बहुतेकांनी केलेतही. आपल्या पाठीमागे काय बोललं जाईल हे त्या आई-वडिलांना नेमकं ठाऊक असतं, कारण मूल आजारी पडण्याआधी तेही त्याच हसणाऱ्यांत होते.

दुसऱ्या आजारांच्या बाबतीत असं का होत नाही? एक कारण आजाराच्या वयात आहे. स्किझोफ्रेनिया बहुधा सतरा-अठरा ते पंचविशीच्या दरम्यान डोकं वर काढतो, मुलींमध्ये थोडा उशिरा. बायपोलरचीही सुरुवात पुष्कळदा याच वयात होते. आपल्याकडे नेमक्या याच वर्षांत मुलांकडे बघून आई-वडिलांचा निकाल लावला जातो. बारावीला किती, कॉलेज कुठलं, प्लेसमेंट झालं का, स्थळं बघताय का. प्रत्येक लग्नात, प्रत्येक सत्यनारायणाला हीच प्रश्नपत्रिका. इतरांची मुलं पायऱ्या चढत असतात आणि आपला मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचे विषय ठेवून घरी बसलेला असतो.

दुसरं कारण लक्षणांत आहे. भास होणं, संशय घेणं, स्वतःशी बोलणं ही लक्षणं लोकांना निदान आजार म्हणून ओळखू येतात. पण स्किझोफ्रेनियात याच्या जोडीला काही गोष्टी कमी होत जातात. उत्साह आटतो, बोलणं तुटक होतं, चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, दात घासण्यासारखं साधं काम डोंगराएवढं होतं. मेंदूतली प्रेरणेची यंत्रणाच मंदावलेली असते. बघणाऱ्याला मात्र त्यात आळस दिसतो, बेपर्वाई दिसते, माज दिसतो. बायपोलरच्या उन्मादात मुलगी रात्र रात्र जागते, भरमसाट खर्च करते, अनोळखी माणसांशी सलगी करते, तेव्हा लोकांना तिचं ‘वळण’ दिसतं. तापाला कुणी संस्कारांचा अभाव म्हणत नाही. इथे मात्र आजार स्वभावाचं सोंग घेऊन येतो, आणि स्वभावाचा जाब आपण आई-वडिलांनाच विचारतो.

खरं म्हणजे आईलाच. ‘लाडावून ठेवलं.’ ‘नोकरीच्या मागे लागली, पोराकडे बघितलं नाही.’ नोकरी नसेल तर ‘सारखी मागे मागे, त्याला मोकळा श्वासच घेऊ दिला नाही.’ ती कशीही वागली असती तरी ठपक्याला जागा होतीच.

बरं, हे फक्त सासू आणि शेजारीण बोलली असती तर सोडून देता आलं असतं. विसाव्या शतकाच्या मध्यावर हेच शास्त्र म्हणून शिकवलं गेलं. फ्रीडा फ्रॉम-राइशमन या अमेरिकेत स्थायिक झालेल्या नामवंत मनोविश्लेषक. १९४८ साली त्यांनी मुलामध्ये स्किझोफ्रेनिया निर्माण करणाऱ्या आईची कल्पना मांडली. वरवर काळजी घेणारी, आतून कोरडी, मुलावर ताबा ठेवणारी आई. या कल्पनेला भक्कम पुरावा नव्हता, तरी पुढची दोन-तीन दशकं ती चालली. मुलाला दवाखान्यात घेऊन आलेल्या बाईकडे डॉक्टर रोगाचं कारण म्हणून बघत होते.

ही कल्पना खोडून काढायला वेगळ्या प्रकारचे अभ्यास लागले. लिओनार्ड हेस्टन यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेलं काम त्यांतलं एक. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात स्किझोफ्रेनिया असलेल्या स्त्रियांना झालेली आणि जन्मानंतर काही दिवसांतच त्यांच्यापासून दूर नेलेली ४७ मुलं त्यांनी शोधली. ती सगळी दुसरीकडे वाढली, आजारी आईचा सहवास त्यांना मिळालाच नव्हता. मोठेपणी त्यांपैकी पाच जणांना स्किझोफ्रेनिया झालेला आढळला. तशाच परिस्थितीत वाढलेल्या, पण ज्यांच्या आईला हा आजार नव्हता अशा ५० जणांत एकही नाही. पुढे डेन्मार्कमध्ये दत्तक मुलांच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासांचा कलही तोच होता. आईच्या वागण्यातून हा आजार तयार होतो, ही समजूत यानंतर टिकण्यासारखी राहिली नाही.

आता गंमत बघा. गंमत म्हणावं की नाही, कळत नाही. ‘तुमच्या वाढवण्यात काही चुकलं नाही, याचा संबंध मेंदूशी आणि आनुवंशिकतेशी आहे’ असं डॉक्टर सांगतात. त्यांच्या दृष्टीने त्यांनी आईच्या डोक्यावरचं ओझं उतरवलेलं असतं. आईच्या कानावर मात्र ‘घराण्यात आहे’ एवढंच पडतं. मग कुणाच्या घराण्यात, याचा शोध सुरू होतो. सासरचे म्हणतात, तुझा मामा नव्हता का तसला, घर सोडून गेलेला. माहेरचे सासऱ्यांच्या तऱ्हेवाईकपणाची आठवण काढतात. संस्कारांवरचा ठपका निघून रक्तावर जाऊन बसतो, आणि तिथून तो धाकट्या बहिणीच्या लग्नापर्यंत पोचतो.

म्हणून आनुवंशिकतेचा हिशेब नीट समजून घ्यायला हवा. सर्वसाधारण लोकांत आयुष्यात कधीतरी स्किझोफ्रेनिया होण्याची शक्यता शंभरात साधारण एक. सख्ख्या भावाला किंवा बहिणीला असेल तर ती शंभरात नऊ-दहापर्यंत जाते. म्हणजे धोका वाढतो हे खरं, पण शंभरातली नव्वद भावंडं या आजारापासून मोकळी राहतात हेही तितकंच खरं. जुळ्यांतलं एक आजारी असेल आणि दोघांची जनुकं अगदी सारखी असतील, तरी दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी भरतं. बहुतेक रुग्णांच्या आई-वडिलांपैकी कुणालाच हा आजार नसतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात या आजाराशी संबंध असलेल्या जनुकसंचातल्या २८७ जागा सापडल्या. अशा एकेका जागेचा वाटा चिमूटभर, आणि त्यांतल्या काही तुमच्या-माझ्यातही असणारच. जनुकांच्या जोडीला गर्भारपणातल्या आणि बाळंतपणातल्या अडचणी, कोवळ्या वयातला गांजा, आयुष्यातले जबर धक्के असं बरंच काही असतं. हिमोफिलियासारखा (रक्त न गोठण्याचा आजार) ठरावीक वाटेने उतरणारा हा रोग नाही. तरीही लग्नाच्या बाजारात ‘भाऊ वेडा आहे’ एवढ्या तीन शब्दांवर स्थळ परत जातं.

लग्न हे या सगळ्या लपवाछपवीचं केंद्र आहे असं माझं मत आहे. पत्रिका, मानपान, हुंडा यांवर आपण पुष्कळ बोलतो. आजारी भावंडापायी अडलेल्या लग्नांबद्दल बोलत नाही. ते अडू नये म्हणून मोठ्याला लपवलं जातं. आणि कधीकधी मोठ्याचंच लग्न लावून दिलं जातं, ‘बायको आली की सुधारेल’ या आशेवर, समोरच्यांना काही न सांगता.

इथे कायदा माहीत असलेला बरा. हिंदू विवाह कायद्याच्या पाचव्या कलमात लग्नासाठी मानसिक क्षमतेची अट आहे आणि तेराव्या कलमात घटस्फोटाच्या कारणांत स्किझोफ्रेनियाचा नावानिशी उल्लेख आहे. महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असेल तर बाराव्या कलमाखाली लग्न रद्दही होऊ शकतं. याची दुसरी बाजू फार थोड्यांना माहीत असते. नुसतं निदान म्हणजे घटस्फोट नव्हे, आजार किती तीव्र आहे आणि त्यामुळे एकत्र राहणं शक्य आहे की नाही हे बघावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच स्पष्ट केलं आहे. सांगून केलेली लग्नं टिकल्याची उदाहरणं आहेत. लपवून केलेल्या लग्नात गोळ्याही लपवाव्या लागतात. त्या चुकतात, आजार उलटतो, आणि मग न्यायालयात सगळंच बाहेर येतं.

लपवण्याची सर्वांत मोठी किंमत मात्र लग्नाच्या खूप आधी मोजली जाते. पहिली लक्षणं आणि पहिली गोळी यांत जितका काळ जातो, तितकं पुढचं बरं होणं कठीण होत जातं, हे स्किझोफ्रेनियाबद्दल जगभर दिसून आलं आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात अशा आजारांच्या सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना उपचार मिळत नसल्याचं आढळलं. याला फक्त लाज कारणीभूत नाही. कित्येक तालुक्यांत मानसोपचारतज्ज्ञच नाही. पण जिथे आहे तिथेही साताऱ्याची माणसं पुण्याला जातात आणि पुण्याची मुंबईला, कारण गावातल्या दवाखान्याबाहेर ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगायचं? लांबचा डॉक्टर म्हणजे कमी फेऱ्या, कमी फेऱ्या म्हणजे सुटलेल्या गोळ्या.

डॉक्टरच्या आधी बरेच जण देवऋषाकडे जाऊन आलेले असतात. शिकलेलेसुद्धा. यावर नाक मुरडणं सोपं आहे. पण तिथे त्या आईला काय मिळतं ते बघा. ‘बाहेरचं आहे’ असं तो सांगतो. म्हणजे पोरगं वाईट नाही, तुमचंही काही चुकलं नाही, हे कुठून तरी आलंय आणि जाणार आहे. दवाखान्याच्या दहा मिनिटांत हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. अर्थात ‘बाहेरचं’ म्हटलं की करणी कुणी केली हा प्रश्न येतो, संशय जावेवर नाहीतर शेजारणीवर जातो आणि आणखी एक नातं तुटतं. शिवाय भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हे प्रकार महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरले आहेत. रुग्णाला साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही मनाई केली आहे.

डॉक्टरांकडे पोचल्यावर ठपका संपतो असं नाही. घरात सतत टीका, चिडचिड किंवा अति काळजी असेल तर रुग्णाचा आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाण वाढतं, असं लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. हे निरीक्षण पुढे अनेक देशांत खरं ठरलं, आणि घरच्यांना आजार समजावून सांगितला की उलटण्याचं प्रमाण कमी होतं हेही सिद्ध झालं. यात आजाराचं मूळ घरच्यांत आहे असं कुणी म्हटलेलं नाही. पण घाईच्या ओपीडीत याचं रूपांतर ‘तुम्ही त्याच्यावर फार ओरडता’ या एका वाक्यात होतं. रात्री दोन वाजता भिंतीवर डोकं आपटणाऱ्या पोराला धरून बसलेल्या बापाला ते वाक्य जिव्हारी लागतं. लंडनमधली मोजपट्टी घेऊन १९८० च्या दशकात चंडीगडमध्ये घरं तपासली तेव्हा तिथल्या कुटुंबांत अशी टीका लंडनपेक्षा बरीच कमी आढळली, हेही त्या बापाला कुणीतरी सांगायला हरकत नाही.

आपल्याकडे कुटुंबाला बरोबर घेण्याची चांगली परंपरा आहे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या घरच्यांना आवारात तंबू ठोकून राहायला बोलावलं. घरच्यांनी तिथे स्वयंपाक करायचा, रुग्णाजवळ बसायचं, डॉक्टरांशी बोलायचं आणि बरं झालेलं माणूस घेऊन घरी जायचं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही त्याच दशकात ही पद्धत सुरू केली. त्या तंबूंत आणखी एक गोष्ट घडत असणार असं मला वाटतं. शेजारच्या तंबूतही आपल्यासारखीच एक आई आहे, हे दिसत असणार.

अमेरिकेत हेच काम पालकांनी स्वतः केलं. विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात हॅरिएट शेटलर आणि बेव्हर्ली यंग या दोन बायका भेटल्या. दोघींच्या मुलांना स्किझोफ्रेनिया होता. आईला दोषी धरणाऱ्या डॉक्टरांना त्या वैतागल्या होत्या. त्यांच्यासारख्या पालकांच्या धडपडीतून १९७९ साली ‘नामी’ ही संघटना उभी राहिली आणि आज ती तिकडची या क्षेत्रातली सर्वांत मोठी कुटुंबांची संघटना आहे. आपल्याकडे पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे. तिच्यामागे कॅनडात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांचा पुढाकार होता, आणि त्यांच्या स्वतःच्या घरात हा आजार होता. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्यावर काम करते आहे. अशा ठिकाणच्या मदतगटांत कुणी व्याख्यान देत नाही. ‘तुमचा गोळी कशात मिसळून घेतो?’, ‘अंघोळीला कसं उठवता?’ असले प्रश्न सुरू होतात, आणि मोठ्याने बोलायला हरकत नाही हे कळायला तेवढं पुरतं.

पालकांनी लाज सोडून सगळ्यांना सांगावं, असा सल्ला मी देणार नाही. सांगण्याची किंमत त्यांना मोजावी लागते, सल्ला देणाऱ्याला नाही. शिवाय आजार मुलाचा आहे. तो सज्ञान असेल तर आपली माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने त्याला दिला आहे, म्हणून आधी त्याला विचारायला हवं. पण ‘कुणालाच नाही’ आणि ‘सगळ्यांना’ यांच्या मध्ये भरपूर जागा आहे. रात्री-अपरात्री धावून येईल असा एक शेजारी. एक विश्वासाचा भाऊ किंवा नणंद. शेजाऱ्याला निदानाचं नाव सांगायचीही गरज नाही. ‘त्याला मेंदूचा आजार आहे, उपचार चालू आहेत, मोठ्याने ओरडला तर घाबरू नका, मला फोन करा’ एवढं पुरे. आणि भावंडांना मात्र पूर्ण सांगावं. त्यांना आधीच अर्धंमुर्धं कळलेलं असतं, आणि अर्ध्या माहितीवर ती आपलं आयुष्य भीतीत बेतत असतात. सुरुवात कुठून करावी ते सुचत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. फोन रुग्णानेच करावा असं काही नाही.

लाजेपायी टाळली जाणारी आणखी एक गोष्ट म्हणजे अपंगत्वाचं प्रमाणपत्र. दीर्घकाळ चाललेला मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येतो. जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. स्वतःची देखभाल, नातेसंबंध, बोलणं-समजणं आणि काम या चार बाबतींत किती अडतं आणि किती वर्षांपासून, यावरून टक्केवारी ठरते. ४० टक्क्यांच्या पुढे प्रमाणपत्राचा उपयोग सुरू होतो. ‘एकदा कागदावर आलं की कायमचं’ म्हणून पालक ते करत नाहीत. पण जुन्या करप्रणालीत पालकांना ७५ हजार रुपयांची, आणि तीव्र अपंगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते ती याच कागदावर. केंद्र सरकारी निवृत्त कर्मचाऱ्याचं मूल मानसिक आजारामुळे कमावू शकत नसेल, तर आई-वडिलांच्या पश्चात त्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्यासाठीही वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, आणि त्याच्या नावाची नोंद आई-वडील हयात असतानाच करून ठेवता येते. ‘आमच्या मागे याचं काय?’ हा प्रश्न ज्या घरात रोज रात्री निघतो, त्या घराने पेन्शनच्या कार्यालयात जाऊन ही नोंद कशी करायची ते एकदा विचारून घ्यावं.